पोलंडला मुलाकडे निघालोय, पण तिथली माणसं खरंच तुसडी आहेत का?

शहापूरच्या बाई, बेळगाव

नमस्कार. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा पोलंडमध्ये व्रोत्सवाफ नावाच्या शहरात नोकरीला आहे. मे-जून त्याच्याकडे राहायचं, मी आणि हे दोघांनी जायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणते, कारण आता यांनी पाय मागे घेतलाय.

कारण लेले मैदान. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा यांचा कंपू आहे. त्यातल्या एकाचा पुतण्या म्हणे वॉर्सात वर्षभर राहून परत आला आणि सांगतो, तिथली माणसं तुसडी, आपला रंग बघून तोंड फिरवतात, दुकानात सुटे पैसे हातात न देता ताटलीत टाकतात. दुसऱ्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, कुणी गोरा भारतीय माणसाच्या मागे मागे चालत त्याला परत जा म्हणतोय. तिसऱ्यांनी शेजारच्या युक्रेनची लढाई काढली. झालं. हे घरी येऊन म्हणाले, त्यापेक्षा पंढरपूर बरं.

पंढरपूरला काय, मी दरवर्षी जाते. मुलाला भेटून मात्र फार दिवस झाले.

मुलाला फोनवर विचारलं तर तो हसतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, सत्तरीची, एकटी. तिच्याबद्दल म्हणाला, "ती हसत नाही, पण चांगली आहे." हे मला काही उलगडत नाही. न हसणाऱ्या बाईच्या डोक्यावर दोन महिने राहायचं, मुलगा दिवसभर ऑफिसात, आम्हाला भाषेचा गंध नाही. मी नऊवारी नाही तरी साडीच नेसते, कुंकू लावते, गळ्यात तुळशीची माळ आहे. माळकरी असल्यामुळे खाण्याचंही आलंच. एकटीनं खाली उतरून भाजी आणली तर चालेल का, की खिडकीत बसून दिवस काढायचे?

कुणी राहून आलेलं असेल तर खरं सांगा. धीर देण्यासाठी गोड बोलू नका, घाबरवण्यासाठी तिखटही नको.

खानापूरचा फिटर

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. आधी उद्यमबागेत फाउंड्रीत होतो, मग सीएनसी शिकलो आणि इकडं आलो. व्रोत्सवाफलाच राहतो, काम शहराबाहेरच्या कारखान्यात. ऑफिसातल्या लोकांचं मला ठावं न्हाई. ट्रॅम, जिना, दुकान आणि कारखान्याचं जेवणघर, एवढ्यापुरतं सांगतो.

पहिलं ते हसण्याचं. रस्त्यात अनोळखी माणसाकडं बघून इथं कुणी हसत न्हाई. तुम्ही भारतीय म्हणून न्हाई असं नव्हं, त्यांचं आपसातबी तसंच. पण जिन्यात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर, छोट्या दुकानात शिरलं की "जेन दोब्री" म्हणायचंच. ते चुकवायचं न्हाई. आपली पोरं नवीन येतात, भीतीनं मान खाली घालून जिना चढतात आणि खोलीत जाऊन म्हणतात, हे लोक बोलतच न्हाईत. तिकडं खालची म्हातारी तिच्या लेकीला सांगत असती, हे परदेशी साधा नमस्कार करत न्हाईत, तुसडे हायत. मी हे दोन्ही बाजूंनी ऐकलंय, म्हणून सांगतो.

सुटे पैसे ताटलीत टाकण्याचं तर काही मनावर घेऊ नका. गल्ल्यावर ताटली त्यासाठीच असती. गोऱ्यालाबी तिथंच टाकतात.

आता तुमची मालकीण. सत्तरीची म्हणजे तिचे आईबाप बहुतेक पूर्वेकडनं आलेले असणार. हे शहर 1945 पर्यंत जर्मनांचं होतं, ब्रेसलाऊ म्हणत. युद्ध संपल्यावर पोलंड देशच उचलून पश्चिमेकडं सरकवल्यासारखा केला. इथले जर्मन घालवले. पूर्वेचा ल्वुफकडचा (आताचं युक्रेनातलं ल्विव) मुलूख सोव्हिएतांकडं गेला, तिथल्या पोलिश माणसांना रेल्वेत घालून इकडं आणून सोडलं. भांडीकुंडी, गाय, शिवणयंत्र, जे मावलं ते घेऊन आली. इथं गोल इमारतीत एक मोठ्ठं चित्र हाय, रात्सवावित्सेच्या लढाईचं, शंभर मीटरच्या वर लांब. तेबी ल्वुफमधनंच आणलंय आणि गुंडाळून ठेवून ठेवून 1985 ला लोकांना दाखवलं. मुलाला न्यायला लावा. आपल्याकडं 1956 ला माणसं जाग्यावर राहिली आणि वरचं राज्य बदललं. इथं माणसंच उचलली. बेळगावच्या माणसाला ह्या गावात जे कळतं ते पुण्याच्या टुरिस्टाला कळायचं न्हाई, असं माझं मत हाय.

माझ्या मशीनशेजारचा जुना कामगार, कामाचं सोडून शब्द बोलायचा न्हाई. मी एकदा मोबाइलवर त्याला नकाशात आमचा भाग दाखवला, ही महाराष्ट्राची हद्द, हा मी, ही माझी भाषा. मग त्यानं त्याच्या आजोबाचं गाव दाखवलं, आता युक्रेनात हाय. तवापासनं डब्यातली काकडी माझ्यापुढं सरकवतो. हसत अजून न्हाईच.

मालकिणीकडं पहिल्या दिवशी फुलं घेऊन जावा. फुलं विषम संख्येत घ्यायची, तीन किंवा पाच. आणि शेवंती अजिबात न्हाई! आपल्याला शेवंती म्हणजे देवाची, इथं ती थडग्यावर. एक नोव्हेंबरला सगळी स्मशानं शेवंतीनं भरलेली असतात. दारात चप्पल काढा, हे तुम्हाला सांगायला नको. उंबऱ्यावरनं हात मिळवू नका, आत जाऊन मिळवा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज चालत न्हाई, तेवढं मिक्सरचं सांभाळा.

साडीकडं बघतील. टक लावून बघतील. म्हातारी माणसं तर पार वळून बघतील. ते बघणं वाईट नव्हं, पण पहिल्या आठवड्यात अंगावर येतं. ट्रॅममध्ये पांढऱ्या केसाच्या माणसाला पोरंटोरं उठून जागा देतात, बसा निवांत. तिकीट आतल्या यंत्रावर बँकेचं कार्ड लावून निघतं, पण काढायचंच. तपासनीस कधी कधी साध्या कपड्यात असतो.

लढाईचं म्हणाल तर युक्रेनची हद्द इथनं चारशे किलोमीटरच्या पुढं हाय. सप्टेंबर 2025 ला रशियाचे ड्रोन पूर्वेकडनं पोलंडात घुसले, वॉर्साचा विमानतळ काही तास बंद होता, हे खरं. इथं त्या दिवशी कारखाना रोजच्यासारखा चालला.

अनगोळची, शिक्षण वूचमध्ये

फिटर दादांचं सगळं पटतं, पण दादा पुरुष आहेत आणि अंगापिंडानं दणकट असणार. मी वूच शहरात एम.एस. केलं. बाईंनी तिखट नको म्हटलंय, तरी थोडं मीठ हवंच.

रविवारी रात्री ट्रॅममधून येत होते. दोन पोरं, हातात बिअरचे कॅन. आधी आपसात, मग माझ्याकडे बघून काहीबाही. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. एकानं माझी ओढणी बोटानं उचलून सोडली. डब्यातली बाकीची माणसं मोबाइलमध्ये. चालकानं मात्र आरशात पाहिलं असावं. त्यानं पुढच्या थांब्यावर ट्रॅम उभी केली, मागे आला आणि त्या दोघांना खाली उतरवलं. मला काही बोलला नाही, परत जाऊन बसला. मला तेव्हा कुणीतरी "ठीक आहेस ना" विचारायला हवं होतं. कुणीच विचारलं नाही. म्हणून "वरून थंड, आतून प्रेमळ" हे जे सगळे म्हणतात ना, ते मी अर्धंच मानते. मोबाइलमध्ये बघणारेही तिथलेच, चालकही तिथलाच.

खोली शोधतानाही फोनवर माझं आडनाव ऐकल्यावर "दिली" असं उत्तर यायचं आणि जाहिरात आठवडाभर तशीच. हे तुम्हाला लागू नाही, तुमच्या मुलाचं घर आहे. वातावरण मात्र सध्या गरम आहे. 2025 च्या जुलैत स्थलांतरितांविरुद्ध बऱ्याच शहरांत मोर्चे निघाले, जर्मनी आणि लिथुआनियाच्या सीमेवर सरकारनं तपासणी सुरू केली. 11 नोव्हेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, वॉर्साच्या मोर्चात लाल नळे पेटवत जी गर्दी जाते तिच्या वाटेला आपण जाऊ नये. तुम्ही मे-जूनमध्ये आहात, तो प्रश्नच नाही.

आता तो व्हिडिओ. 2022 चा, वॉर्सातला. तो मला पंधरा जणांनी पाठवला होता. नीट आवाज ऐका. शूटिंग करत त्रास देणारा माणूस स्वतःच सांगतो की मी अमेरिकेचा आहे. पोलिश नाही! पण लेले मैदानावर तो "पोलंडवाला" म्हणूनच फिरतोय आणि फिरत राहणार.

याच पोलिश लोकांबद्दल बाकीचे काय बोलतात तेही ऐकून ठेवा. जर्मनीत त्यांच्यावर गाडीचोरीचे विनोद, अमेरिकेत त्यांच्या अकलेवर. माझ्या खोलीतल्या पोलिश मुलीचा भाऊ इंग्लंडमध्ये भाज्या पॅक करण्याच्या कामाला होता. 2016 मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि त्याच आठवड्यात लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्राच्या दारावर कुणीतरी रंगानं घाण लिहून गेलं. त्यानंतर हा पोरगा बसमध्ये आईशी फोनवर बोलायचा नाही, मेसेज करायचा. हे ती मला सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, मी तुझ्या गावात ट्रॅममध्ये अगदी हेच करते.

बाई, दिवसा खुशाल फिरा. शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरा स्टेशनच्या बाजूला नको. 112 नंबर फोनमध्ये ठेवा.

निपाणीकर

तुमची चर्चा वाचली. मला पोलंडचा अनुभव शून्य. पण पोलंडच आपल्याकडे येऊन राहून गेलाय, ते कुणी लिहीलं नाही म्हणून लिहितो.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी 1940-41 मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला ते बऱ्याच जणांना माहीत असतं, वळिवडं कमी जणांना. शाळा, चर्च, नाटकाचं थिएटर, सगळं होतं छावणीत. ते गेल्यावर फाळणीतून आलेले सिंधी तिथं वसले. त्याचंच आजचं गांधीनगर. म्हणजे आपण बेळगाव-निपाणीचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला जिथे जातो तेच.

आमचे आजोबा तंबाखूच्या धंद्यात, गाडी घेऊन कोल्हापूरला जायचे. ते सांगायचे, लोकांना या बायकांचं कोडंच पडलं होतं. गोऱ्या, पण साहेब नव्हेत. तोवर गोरा म्हणजे कलेक्टर नाहीतर मिशनरी. आणि ह्या तर डोक्याला रुमाल बांधून बाजारात वांग्यांचा भाव करतायत, चपला झिजलेल्या, पोरं अनवाणी. काहीजण म्हणायचे गर्विष्ठ आहेत, बोलत नाहीत. आजोबांचं म्हणणं, बोलणार कशा, भाषाच येत नव्हती. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांची पोरं मराठी शिव्या द्यायला लागली, तेव्हा लोकांचा गैरसमज गेला.

कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते. बाई, त्या मालकिणीला वळिवड्याबद्दल ठाऊक असेलच असं नाही. पण स्तंभाचा एक फोटो मोबाइलमध्ये घालून न्या. मुलाला भाषांतर करायला लावा. तुमच्या यांनाही दाखवा, म्हणजे लेले मैदानावर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

कॅम्पातला ट्रॅव्हलवाला

बाई, कागदांचं आणि बॅगेचं मी सांगतो, बाकी वरच्यांनी सांगितलंच आहे.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागेल. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस, त्यामुळे तुमचे दोन महिने बसतात. फी प्रौढाला 90 युरो, वर व्हिसा केंद्राचा चार्ज. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना चालणारा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर ठेवू नका. मुलाचं निमंत्रण, त्याच्या घराचा करार, नोकरीचं पत्र, आणि तुमचं पेन्शनचं बँक पासबुक. इथे घर आहे, पेन्शन आहे, परत येणार आहात, हे कागदावर दिसलं पाहिजे. 2023 मध्ये पोलंडमध्ये व्हिसासाठी पैसे खाल्ल्याचं मोठं प्रकरण झालं, त्यानंतर तपासणी कडक झालीय. त्यामुळे "गॅरंटी व्हिसा" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. आमच्या धंद्यातले असले तरी.

सांबऱ्याच्या आपल्या विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून वॉर्सा थेट, मग आतलं विमान किंवा रेल्वे. फ्रँकफर्टवरून गेलात तर इमिग्रेशन तिथेच होईल. ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, रांगेत वेळ जातो, घाबरू नका.

आता मुख्य. आपल्याकडे प्रवासाला निघताना बॅगेवर कुंकवानं स्वस्तिक काढतात. काढू नका. स्वस्तिकाचं लॉकेट, स्वस्तिक छापलेली पिशवी, दाराला लावायचं स्टिकर, सगळं घरी ठेवा. तुमचा हेतू देवाचा, पण त्या देशाचे साठ लाखांच्या आसपास नागरिक त्या युद्धात मेले, त्यातले निम्मे ज्यू. आउशवित्झ त्यांच्याच भूमीवर, उभारलं नाझी जर्मनांनी. तिथे गेलात तर ते पोलिश लोकांचं काम होतं अशा अर्थाचं चुकूनही बोलू नका, फार लागतं त्यांना. माळेला कोणी हात लावत नाही, ती बिनधास्त ठेवा. बॅगेवर ओम काढा हवं तर.

मुलासाठी कुंदा नेणार असाल तर थांबा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेऊ देत नाहीत. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. मिठाई म्हणून सुटेल असं काहीजण सांगतात, पण कस्टमवाल्याशी हुज्जत घालायला तुम्हाला पोलिश येत नाही. तूप, पेढे, खवाही नको. चटणी, मेतकूट, पोह्याचे पापड न्या. ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय नाही. नारळ मात्र चालतो! नारळ, केळं, अननस, खजूर यांना सूट आहे.

पैसे युरो नकोत, तिथे झ्वॉटी चालतो. विमानतळावर बदलू नका, भाव वाईट मिळतो.

शहापूरच्या बाई, बेळगाव

सगळ्यांचे आभार. अनगोळच्या मुली, तू ओढणीचं लिहिलंस ते बरं केलंस. मुलगा हे कधी सांगत नाही.

तो व्हिडिओ यांना आवाज मोठा करून पुन्हा ऐकवला. दोनदा ऐकला. मग म्हणाले, म्हणजे अमेरिकेलाही जायला नको. असो. वळिवड्याचं वाचून मात्र उठले आणि कपाटातून पासपोर्ट काढून तारीख बघितली. तेवढं पुरे आहे. कोल्हापूरला जाऊन स्तंभाचा फोटो काढायचा ठरलाय, येताना गांधीनगर होईलच.

खाण्याचं राहिलंच. मुलगा म्हणतो बटाट्याच्या करंज्या मिळतात. आणि बाहेर फिरताना स्वच्छतागृहाचं कसं? मला शुगर आहे, वारंवार लागतं.

खानापूरचा फिटर

करंज्या म्हणजे पिएरोगी. त्यातलं "रुस्किए" सांगायचं, आत बटाटा आणि पनीरासारखं चीज असतं. पण वरनं डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, ते आधीच नको म्हणून सांगायला पाहिजे. मुलाकडनं चिठ्ठी लिहून घ्या: मांस नको, मासा नको, चरबी नको. मासा वेगळा लिहाच, इथं मासा मांसात धरत न्हाईत. "बार म्लेच्नी" म्हणून स्वस्त खाणावळी असतात, तिथं बटाट्याची थालीपिठं, चीज भरलेली धिरडी मिळतात. तळताना कशात तळतात ते विचारायचं. माळकऱ्याला माझा सल्ला, बाहेर धिरडं आणि फळं, बाकी घरात भात-आमटी. दह्याचा डबा घेताना त्यावर "जेलातिना" लिहिलंय का बघा, ते जनावराचं असतं. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा.

स्वच्छतागृहाच्या दारावर बऱ्याचदा चित्र न्हाई, खुणा असतात. गोल म्हणजे बायकांचं, त्रिकोण म्हणजे पुरुषांचं. काकांना हे पाठ करून घ्यायला लावा. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन झ्वॉटीची नाणी लागतात, पर्समध्ये सुटी ठेवा. आणि आत पाणी नसतं, बाटली बरोबर.